वेगाचे माप आणि मापाची जागा : मोबाइलच्या बिनतारी मानकांच्या इतिहासाचे एक अंग

१

मापांचा इतिहास हा इतिहासाभ्यासाचा काहीसा उपेक्षित विभाग होय. राजवटी, लढाया आणि तहनामे ह्यांची चिकित्सा बारकाईने होते. परंतु ज्या मापाने धान्य मोजले गेले, जमीन आकारली गेली अथवा अंतर गणले गेले, ते माप कोणी व कशासाठी ठरविले ह्याची चौकशी क्वचितच होते. मराठेशाहीच्या महसुली कागदपत्रांशी परिचय असणाऱ्यास ही उणीव विशेष जाणवते. वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा हे कोष्टक मुखोद्गत असले, तरी काठी किती हातांची धरली होती हे कळल्यावाचून बिघ्याचा आकडा बोलका होत नाही.

स्मार्टफोनच्या पडद्यावर उमटणारी ‘३-जी’, ‘४-जी’, ‘५-जी’ ही चिन्हे ह्याच जातीची मापे आहेत. त्यांतील ‘जी’ हे अक्षर पिढीचे द्योतक असून प्रत्येक पिढीशी वेगाचा एक आकडा जोडला गेला आहे. हा आकडा सेकंदास किती बिट माहिती वाहून नेली जाते हे सांगतो. परंतु ते वहन कोठे उभ्या असलेल्या माणसासाठी, किती जणांच्या गर्दीत आणि कोणत्या दिशेने होते, हे तो सांगत नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, वेगाच्या प्रत्येक मानकात मोजमापाची एक जागा गृहीत धरलेली असते; गेल्या तीन दशकांत वेगाचे आकडे जसजसे वाढत गेले, तसतशी ही जागा मनोऱ्याच्या निकट सरकत गेली; आणि ती पुन्हा दूरच्या माणसाकडे नेण्याचा जो प्रयत्न भारतातून झाला, तो ह्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण म्हणून अभ्यासण्यास योग्य आहे.

२

ह्या इतिहासाचा आरंभ युरोपात होतो. १९८२ साली तेथील टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने सर्व देशांस समान अशा मोबाइल पद्धतीचा आराखडा करण्यासाठी एक अभ्यासगट नेमला. १९८७ साली कोपनहेगन येथे तेरा देशांतील यंत्रणांनी ह्या पद्धतीच्या अंगीकाराचा करार केला आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तिच्यावरून पहिले व्यावसायिक संभाषण झाले. हीच ‘जीएसएम’ पद्धती होय. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू ह्यांनी कोलकात्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम ह्यांच्याशी जे पहिले मोबाइल संभाषण केले, तेही ह्याच पद्धतीने.

जीएसएमची रचना मुख्यतः संभाषणासाठी होती. २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या एका वाहक लहरीचे काळाच्या आठ तुकड्यांत विभाजन करावयाचे आणि प्रत्येक बोलणाऱ्यास एक तुकडा द्यावयाचा, हे तिचे सूत्र. ह्याच तुकड्यातून माहिती पाठविल्यास सेकंदास ९.६ किलोबिट इतका वेग मिळे. आजच्या दृष्टीने हा आकडा नगण्य आहे. परंतु त्याचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा असलेला ग्राहक आणि त्याच्या क्षेत्राच्या कडेला असलेला ग्राहक ह्या दोघांसही, जोडणी टिकली तर, तोच वेग मिळत असे. जोडणी असे किंवा नसे. तिला प्रती नव्हत्या. शिवाय ह्या मानकात अंतराचा उल्लेख अंगभूत होता. लहरींस मनोऱ्यापर्यंत पोचण्यास लागणाऱ्या विलंबाची भरपाई करण्यासाठी सुमारे ५५० मीटरांची एक अशा ६३ पायऱ्या योजिल्या होत्या, आणि त्यामुळे मनोऱ्याच्या क्षेत्राची त्रिज्या सामान्यतः ३५ किलोमीटरांवर मर्यादित झाली होती. म्हणजे सेवा कोठवर द्यावयाची हे मानकातच लिहिलेले होते.

३

ही समता फार काळ टिकली नाही. २००० सालाच्या सुमारास प्रचारात आलेल्या ‘जीपीआरएस’ पद्धतीने माहितीची लहान लहान पुडकी करून ती मोकळ्या तुकड्यांतून पाठविण्याची युक्ती आणली. तिच्यात संकेतनाच्या चार श्रेणी होत्या. पहिल्या श्रेणीत वहनातील चुका दुरुस्त करण्यासाठी पुष्कळ जादा बिट खर्ची पडत आणि प्रत्येक तुकड्यास सेकंदाला ९.०५ किलोबिट एवढाच वेग उरे. चौथ्या श्रेणीत हे संरक्षण जवळजवळ काढून टाकल्यामुळे वेग २१.४ किलोबिटांवर जाई. चौथी श्रेणी जेथे संकेत स्वच्छ पोचे तेथेच, म्हणजे बहुधा मनोऱ्याच्या जवळ, उपयोगी पडे. दूरच्या ग्राहकास पहिली अथवा दुसरी श्रेणी पतकरावी लागे.

ह्या पद्धतीचा कमाल वेग १७१.२ किलोबिट असा सांगितला जात असे. हा आकडा कसा सिद्ध होतो हे पाहणे उद्बोधक आहे. आठही तुकडे एकाच ग्राहकास मिळाले, त्या सर्वांत चौथी श्रेणी चालली आणि क्षेत्रात दुसरे कोणीही नसले, तर २१.४ ची आठपट १७१.२ होते. असा ग्राहक व्यवहारात जवळजवळ नसतोच. पुढे ‘एज’ पद्धतीत एकेका संकेतात तीन बिट बसविण्याची सोय झाली आणि कमाल आकडा ४७३.६ किलोबिटांवर गेला. तोही ह्याच रीतीने सिद्ध होतो. येथपासून वेग हा संपूर्ण क्षेत्राचा गुण राहिला नाही, तर तो ग्राहकाच्या स्थानाचा गुण झाला. ह्या निबंधाच्या दृष्टीने पिढ्यांच्या नावांपेक्षा हे स्थित्यंतर अधिक निर्णायक आहे.

तिसऱ्या पिढीच्या वेळी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘आयएमटी-२०००’ ह्या नावाखाली जे निकष मांडले, त्यांत मात्र मोजमापाच्या जागेचा विचार स्पष्ट होता. धावत्या वाहनातील ग्राहकास १४४ किलोबिट, पायी चालणाऱ्यास ३८४ किलोबिट आणि इमारतीत बसलेल्यास सुमारे २ मेगाबिट, असे हे तीन आकडे होते. ते तारेवरच्या अंकीय टेलिफोनच्या प्रचलित श्रेणींशी मिळतेजुळते होते: १४४ म्हणजे घरगुती जोडणीच्या ६४, ६४ व १६ किलोबिटांच्या तीन मार्गांची बेरीज, आणि ३८४ म्हणजे ६४ ची सहापट. ग्राहक कोणत्या अवस्थेत आहे हे सांगूनच वेग सांगण्याची ही रीत प्रामाणिक होती. १ ऑक्टोबर २००१ रोजी जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीने तिसऱ्या पिढीची सेवा सुरू केली, तेव्हा तिचा जाहीर कमाल वेग ३८४ किलोबिट असाच होता. तथापि त्याच पिढीच्या सुधारित आवृत्तीने लवकरच १४.४ मेगाबिटांचा कमाल आकडा पुढे आणला आणि अवस्थानिहाय आकडे मागे पडले.

वेगास उपकरणाचीही मर्यादा असते, हे २००७ साली अमेरिकेत दिसून आले. जूनमध्ये विक्रीस आलेला पहिला आयफोन तिसऱ्या पिढीच्या जाळ्यास जोडता येत नसे. मनोऱ्यावरून त्यास ‘एज’चाच वेग मिळे. तत्कालीन तिसऱ्या पिढीच्या चकत्या विद्युत्घटाची शक्ती फार खातात, असे कारण कंपनीच्या प्रमुखांनी दिले होते. जुलै २००८ मध्ये ही उणीव भरून निघाली. जाळे तयार असणे आणि हातातील यंत्रास ते पेलणे ह्या दोन घटनांच्या तारखा एक नसतात, हा धडा संशोधकाने ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

४

मोजमापाची जागा मनोऱ्याकडे का सरकली, ह्याचे कारण केवळ व्यापारी अतिशयोक्तीत शोधणे अपुरे ठरेल. त्याचे मूळ पदार्थविज्ञानात आहे. १९४८ साली क्लॉड शॅनन ह्यांनी सिद्ध केले की, कोणत्याही मार्गाची माहिती वाहण्याची क्षमता त्याच्या वारंवारता-पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. परंतु संकेताचे गोंगाटाशी असलेले प्रमाण वाढविल्यास ती केवळ लॉगॅरिथमच्या मंद गतीने वाढते. मनोऱ्याची शक्ती दुप्पट करून फारसे साधत नाही. पट्टा दुप्पट केला आणि त्यासोबत शक्तीही पुरविली, तर क्षमता दुप्पट होते. यास्तव प्रत्येक पिढीने अधिक रुंद पट्ट्याचा मार्ग धरला. जीएसएमची वाहक लहर २०० किलोहर्ट्झ रुंद होती. तिसऱ्या पिढीत ती ५ मेगाहर्ट्झ झाली, चौथीत २० मेगाहर्ट्झपर्यंत गेली आणि पाचवीत ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास १०० मेगाहर्ट्झपर्यंत पोचली.

इतके रुंद पट्टे खालच्या वारंवारतांत मोकळे नव्हते. ते वरच्या वारंवारतांतच उपलब्ध होते. वरच्या वारंवारतेच्या लहरी भिंतींनी व झाडीने अधिक अडतात, आणि एकाच प्रकारचा साधा आकाशक वापरल्यास त्यांची प्राप्त शक्ती वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ७०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत ३,५०० मेगाहर्ट्झवर ही घट पंचवीसपट भरते. अनेक आकाशकांच्या साहाय्याने शलाका केंद्रित करून तिची काही भरपाई केली जाते. परंतु डोंगराआड वसलेल्या वाडीस त्या भरपाईचा फारसा लाभ होत नाही. तात्पर्य, वेगाची वाढ आणि पल्ल्याचा संकोच ही एकाच कारणाची दोन कार्ये होत. एकाच मनोऱ्याचा पट्टा त्या क्षेत्रातील सर्वांस वाटून घ्यावा लागतो, ही तिसरी गोष्ट त्यात मिळविली म्हणजे कमाल आकडा आणि अनुभव ह्यांतील अंतराचा उलगडा होतो.

५

पुढील प्रकरण नावाचे आहे. चौथ्या पिढीसाठी आंतरराष्ट्रीय संघाने वेगवान प्रवासात सेकंदास १०० मेगाबिट आणि स्थिर अथवा मंदगती ग्राहकास १ गिगाबिट अशी उद्दिष्टे संशोधनासमोर ठेवली होती. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम व ऑस्लो येथे ‘एलटीई’ सेवा सुरू झाली, तेव्हा ती ह्या उद्दिष्टांस पोचत नव्हती. तरीही कंपन्यांनी तिला चौथी पिढी म्हणण्यास प्रारंभ केला. काहींनी तर तिसऱ्या पिढीच्या सुधारित आवृत्तीसही तेच नाव दिले. ऑक्टोबर २०१० मध्ये संघाने एलटीई-अॅडव्हान्स्ड आणि तिच्या जोडीची दुसरी एक पद्धती ह्या दोहोंसच खऱ्या अर्थाने पात्र ठरविले. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात, चौथी पिढी ही संज्ञा अव्याख्यात असून ती पूर्वसूरी तंत्रांसही लावली जाऊ शकते, असे त्याने मान्य केले. मानक मोडले नाही. त्याचे नाव मात्र मानकापासून सुटले.

ह्याचे परिणाम फोनच्या पडद्यावर दिसले. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या आयफोनांवर एका सुधारणेनंतर तिसऱ्या पिढीच्याच जाळ्यासाठी ‘४-जी’ हे चिन्ह उमटू लागले. २०१९ च्या आरंभी त्याच कंपनीने चौथ्या पिढीच्या सुधारित सेवेस ‘५-जी ई’ असे नाव दिले; ह्या नावाचा जाहिरातीतील वापर थांबवावा, अशी शिफारस तेथील जाहिरात-परीक्षण मंडळाने मे २०२० मध्ये केली. पाचव्या पिढीची जी रचना चौथ्या पिढीच्या मनोऱ्यावर विसंबून असते, तिच्यात तर चौथ्या पिढीच्या मनोऱ्याने पाठविलेल्या केवळ एका सूचनेवरून ‘५-जी’ हे चिन्ह उमटू शकते. त्या क्षणी माहिती जुन्याच मार्गाने वाहत असणे शक्य असते. पडद्यावरील चिन्ह हे पुराव्याचे साधन मानावयाचे झाल्यास ते दुय्यम साधन होय, असा निष्कर्ष ह्यातून निघतो.

६

भारतात वेगाच्या व्याख्येचा प्रवास निराळ्या दिशेने झाला. येथे शासनाने कमाल मर्यादेऐवजी किमान मर्यादा निश्चित केली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदास किमान २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हटले. २०१३ साली ही मर्यादा ५१२ किलोबिटांवर आणि २०२३ साली २ मेगाबिटांवर नेण्यात आली. उलटपक्षी, आंतरराष्ट्रीय संघाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाचव्या पिढीच्या निकषांत कमाल वेग २० गिगाबिट असा आहे. हे छत आणि ही जोती ह्यांत दहा हजारपटींचे अंतर आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. छताचा आकडा तंत्राची सीमा सांगतो आणि अभियंत्यास तो आवश्यक असतो. जोत्याचा आकडा नागरिकाचा हक्क सांगतो. एकाचा उपयोग दुसऱ्याच्या ठिकाणी केला, की घोटाळा होतो.

सेवांचा क्रम परिचित आहे. डिसेंबर २००८ मध्ये महानगर टेलिफोन निगमने दिल्लीत तिसरी पिढी आणली. खाजगी कंपन्यांसाठी २०१० साली लिलाव झाला. १० एप्रिल २०१२ रोजी एअरटेलने कोलकात्यात चौथ्या पिढीस आरंभ केला, तोही प्रथमतः संगणकास जोडावयाच्या उपकरणांच्या द्वारे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात दुसरी व तिसरी पिढी मुळातच नव्हती; त्यामुळे बोलणेही माहितीच्याच मार्गाने होऊ लागले आणि माहितीचा वेग हा संभाषणाचाही आधार झाला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचव्या पिढीचे उद्घाटन झाले. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई व नागपूर ह्यांचा समावेश होता. प्रत्येक वेळी आरंभ शहरापासून झाला, हे ह्या क्रमातील समान सूत्र होय.

७

ह्या पार्श्वभूमीवर पाचव्या पिढीच्या निकषांची रचना पाहिली पाहिजे. ग्राहकास प्रत्यक्ष अनुभवास येणारा वेग १०० मेगाबिट असावा, अशी अट त्यांत आहे. परंतु ती दाट वस्तीच्या नागरी परिस्थितीसाठी आहे. ग्रामीण परिस्थितीची चाचणी स्वतंत्र होती. तथापि तिच्या रूढ मांडणीत शेजारच्या दोन मनोऱ्यांमधील अंतर १,७३२ मीटर धरलेले होते. भारतातील खेड्यांत इतके दाट मनोरे उभारणे परवडणारे नाही, ही गोष्ट येथील संशोधकांनी हेरली.

त्यांचा युक्तिवाद येथील वस्तुस्थितीतून आला होता. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली होती आणि पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. पंचायतीच्या गावी तंतू पोचला, की तेथील एका मनोऱ्याने भोवतालच्या वाड्यावस्त्या व्यापाव्यात. तेथील माणसे बहुतांशी स्थिर असतात अथवा पायी फिरतात. म्हणून वेगवान प्रवासापेक्षा मोठ्या क्षेत्राची कसोटी घ्यावी. मद्रास व हैदराबाद येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्था आणि त्यांच्या सहकारी संशोधन केंद्राने चालविलेल्या ह्या प्रयत्नास यश आले. दोन मनोऱ्यांत ६ किलोमीटरांचे अंतर धरणारी मंदगती-विशालक्षेत्राची मांडणी ग्रामीण चाचणीत समाविष्ट झाली आणि नव्या तंत्रांस तिच्या कसोटीसही उतरणे आवश्यक झाले. आकड्यांच्या ह्या बदलात एक धोरणात्मक विधान होते: मोजपट्टी तीच, परंतु मोजणारा तीन किलोमीटर दूर जाऊन उभा राहिला.

दूरच्या ग्राहकाची खरी अडचण परतीच्या मार्गाची असते. मनोरा मोठ्या शक्तीने बोलू शकतो. हातातील फोनची नेहमीची शक्ती मात्र सुमारे २०० मिलिवॉट असते. प्रचलित तरंगरचनेत शक्तीचे चढउतार फार असल्याने फोनच्या प्रवर्धकास हात राखून काम करावे लागे. भारतीय प्रस्तावातील तरंगरचना जवळजवळ समपातळीची असल्यामुळे प्रवर्धक त्याच्या सीमेपर्यंत चालविता येई आणि शक्ती सुमारे ४०० मिलिवॉटपर्यंत नेता येई. ह्या तत्त्वावर आधारलेल्या ‘५-जी-आय’ पद्धतीस आंतरराष्ट्रीय संघाने नोव्हेंबर २०२० मध्ये पाचव्या पिढीच्या तीन मान्य तंत्रांत स्थान दिले.

ह्यानंतरचा वाद दोन्ही बाजूंनी समजून घेणे न्याय्य ठरेल. देशातील सेवा-कंपन्यांनी आक्षेप घेतला की, स्वतंत्र मानकामुळे उपकरणे महाग होतील आणि जागतिक जाळ्यांशी मेळ बसणार नाही. हा आक्षेप निराधार नव्हता. जीएसएमची स्वस्ताई मुख्यतः तिच्या एकरूपतेतून आली होती. चीनने तिसऱ्या पिढीत स्वतःची निराळी पद्धती २००९ पासून चालविली, तेव्हा तेथील सर्वांत मोठ्या कंपनीच्या ग्राहकांस आयफोन अधिकृतपणे मिळण्यास जानेवारी २०१४ उजाडावे लागले, आणि तोही चौथ्या पिढीचे सामायिक मानक आल्यावर. अखेर २०२१ च्या अखेरीस भारतीय पद्धतीतील तत्त्वे जागतिक मानकाच्या सतराव्या आवृत्तीत विलीन करण्याचा मार्ग स्वीकारला गेला. स्वतंत्र नाव लोपले, परंतु कसोटी उरली. नावापेक्षा कसोटी टिकणे हे मापांच्या इतिहासात अधिक मोलाचे मानले पाहिजे.

तथापि कसोटी मान्य होणे आणि मनोरा उभा राहणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा दूरगामी पट्टा एकाच कंपनीने घेतला. मानक शक्यता निर्माण करते. तिचा विनियोग भांडवल, वीजपुरवठा, भूप्रदेश आणि शासनाचा आग्रह ह्यांवर अवलंबून असतो. म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनी सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, ह्या घटनेस महत्त्व आहे. वेगाबरोबर जागाही लिहिली जावी, ही मागणी त्यातून नियमाच्या रूपात पुढे आली.

८

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बिनतारी जाळ्याच्या वेगाचा आकडा हा स्थाननिरपेक्ष नसून, तो कोणत्या अंतरावर, किती ग्राहकांत आणि कोणत्या दिशेने मोजला हे सांगितल्यावाचून तो पुरावा म्हणून अपूर्ण राहतो. दुसरी, पिढीचे नाव आणि मानकाचा मजकूर ह्यांत २०१० पासून उघड फारकत झालेली असल्याने, नावावरून तंत्राचा निर्णय करणे धोक्याचे आहे. तिसरी, मोजमापाची जागा बदलणे हे वेग वाढविण्याइतकेच परिणामकारक कार्य असू शकते.

सहाव्या पिढीच्या पूर्वतयारीतही ह्याचा प्रत्यय येतो. आंतरराष्ट्रीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केलेल्या तिच्या चौकटीत उपयोगाचे सहा प्रकार सांगितले असून, सर्वत्र पोचणारी जोडणी हा त्यांपैकी एक स्वतंत्र प्रकार आहे. हे कलम प्रत्यक्ष चाचणीच्या आकड्यांत कसे उतरते, मनोऱ्यांमधील अंतर किती धरले जाते आणि क्षेत्राच्या कडेवरील ग्राहकास किती वेगाची हमी मिळते, ह्यावर त्याची किंमत ठरेल. घाटमाथ्यावरील वाडीतून परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला कमाल वेग किती ह्याच्याशी कर्तव्य नसते. अर्ज पोचतो की नाही, एवढेच त्याच्या दृष्टीने माप असते. पुढील संशोधकांनी मानकांचे मसुदे, नियामकांची परिपत्रके आणि लिलावांचे दस्तऐवज ह्यांचे वाचन ह्या मापाच्या अनुरोधाने केल्यास, तंत्राच्या इतिहासाबरोबरच समाजाच्या इतिहासाचेही एक दुर्लक्षित साधन हाती येईल.